पावसाची दोरी

पाऊस बांधून ठेवल्याचा आरोप झालेला सरकारी नोकर बहुधा मी एकटाच असेन. बदलीचे, बिलांचे, टेबलाखालचे आरोप सगळ्यांवरच होतात. त्यांची चौकशी लागते, खुलासा देता येतो, फाईल बंद होते. पावसाच्या आरोपाला खुलासा नसतो. लोक वर बोट दाखवून विचारतात, "मग कुठं हाय तो?" आणि वर सगळं कोरडं ठणठणीत असतं.

माझी सगळी नोकरी जुन्या देवळांची, बारवांची आणि वेशींची डागडुजी करण्यात गेली. खात्याच्या कागदावर त्याला संवर्धन म्हणतात. बीड जिल्ह्यातल्या गावांत मला 'पडक्या देवळाचे सायेब' म्हणत. या धंद्यात दोन प्रश्न जन्माला पुरतात. पहिला, "खाली धन सापडलं का?" आणि दुसरा, "एवढा खटाटोप करण्यापरीस नवंच कावून बांधत न्हाईत?" पहिल्या प्रश्नाला मी नेहमी खरं उत्तर दिलं आणि त्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही. दुसऱ्याला उत्तर देता देता केस पांढरे झाले.

आमच्या कामाचा एक विचित्र नियम आहे. काम संपल्यावर इथं काही केलंय असं दिसलं नाही, तर काम चांगलं झालं. मंत्र्यांना फीत कापायला जागाच राहत नाही. आम्हाला बढत्या उशिरा मिळतात त्याचं कारण हेच असावं.

गिऱ्हाइकंही तशीच भेटली. नांदूरघाटाच्या बाजूला एका घरामागे मला एक सुंदर वीरगळ दिसला. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला कोरीव दगड. तो आडवा पडला होता आणि त्यावर एक म्हातारी धुणं आपटत होती. हा दगड खात्याचा आहे, असं मी अदबीनं सांगितलं. ती म्हणाली, "ह्यो माझ्या सासूच्या सासूनं आणलाय. तुमच्या खात्याची सासू कोण?" शेवटी आमच्या पाथरवटानं तिला धुण्यासाठी नवा दगड घडवून दिला. तिनं त्यावर एक लुगडं धुऊन पाहिलं, दगड खरखरीत आहे म्हणून परत पाठवला, आणि पुन्हा घासून गुळगुळीत करून दिल्यावरच वीराला सोडलं. इतकी चोख तपासणी आमच्या वरिष्ठांनीही कधी केली नाही.

आता पावसाची गोष्ट.

तेलगावहून आडवाटेनं गेलं की तळ्याकाठचं एक लहानसं बाजाराचं गाव लागतं. नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक मला अजून जेवायला बोलावतात. तळं जुनं, निजामाच्याही आधीचं. काठावर काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ. गाभारा जमिनीच्या पोटात, सात-आठ पायऱ्या उतरून जायचं. गाभाऱ्याच्या मागची भिंत थेट तळ्यात उतरलेली आणि तिच्या दोन्ही अंगांना घाट. तळं भरलं की अर्धी भिंत पाण्याखाली असायची.

या भिंतीचं पोट सुटलं होतं. म्हणजे मधले दगड बाहेर फुगून आले होते आणि सांध्यांतला चुना धुऊन गेला होता. अजून दोन-तीन पावसाळे, मग भिंत तळ्यात आणि तिच्यामागं गाभारा. खात्याला हे ठाऊक होतं, पण पाण्यात उभं राहून पाया कोण दुरुस्त करणार? त्यासाठी तळं आटायला हवं होतं.

आणि तळं आटलं. लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला, आणि जे काही पाणी उरलं होतं ते उपसा सिंचन सहकारी संस्थेच्या मोटारींनी उसाला पाजलं. तळ्याच्या तळाला भेगा पडल्या, संस्थेचं पंपघर काठावर कोरडं उभं राहिलं, आणि गावातल्या म्हाताऱ्यांनीही कधी न पाहिलेला त्या भिंतीचा पाया उघडा पडला. शिमगा झाल्यावर मी तिथं हजर झालो. सगळा जिल्हा दुष्काळानं पोळत होता, जनावरं छावणीला, माणसं टँकरच्या वाटेला. आणि मी भेगाळलेल्या तळ्यात उभा राहून भिंतीकडे बघत होतो आणि मनातून खूश होतो. अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

सोबत गवंडी खाजामियाँ. बीडचे. त्यांच्या घरात चुन्याचं काम पिढ्यान् पिढ्या. चुना म्हणजे भिंतीला फासायची सफेदी नव्हे. चुनखडीचा खडा भट्टीत भाजायचा, हौदात विरवायचा, भाजलेल्या विटांच्या चुऱ्यात मिसळून दगडी घाणीत, म्हणजे बैलानं ओढायच्या दगडी चाकाखाली, मळायचा, वर बेलफळाचा गर आणि गुळाचं पाणी. असा चुना पाण्याखालीही टिकतो. पण त्याला दोन गोष्टी लागतात: वेळ आणि ओल. कित्येक आठवडे त्याला भिजत ठेवावं लागतं. ओल तुटली की तो भुसभुशीत होतो. आणि तो पिकायच्या आत तळ्याचं पाणी चढलं, तर सगळा धुऊन जातो. म्हणजे मला पाणी हवंही होतं आणि नकोही होतं. गावाला पाऊस आज हवा होता, मला तो जरा थांबायला हवा होता. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, पण चावडीवर बसून सांगण्यासारखंही नव्हतं.

घाणीला बैल मिळेनात. ते सगळे छावणीत, आणि तिथल्या चाऱ्यावर कसेबसे उभे. मग शिरूर कासारकडची ऊसतोडीवरून लवकर परतलेली काही माणसं कामावर घेतली. दोघं-दोघं मिळून घाणीचं चाक ओढायची. भट्टी पेटली. भिंतीचे फुगलेले दगड एकेक काढून तळ्यात ओळीनं मांडले. नवी ओळ सरळ बसावी म्हणून खाजामियाँनी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. दोन्हीकडे तळ्यात खोल ठोकलेल्या उंच खुंट्या (थर चढेल तशी दोरी त्यांवर वर सरकवायची), कोणता दगड कुठं संपतो ते कळावं म्हणून दोरीला गाठी, आणि येणारं-जाणारं कुणी अडकून पडू नये म्हणून मधोमध तांबडी चिंधी. कुठल्याही बांधकामावर अशी दोरी दिसते. तिच्याकडे कोण बघतं?

मृग कोरडा गेला. आर्द्रा लागली. एका दुपारी ढग आले, गावावरून सरळ पुढं गेले आणि पलीकडच्या शिवारात पडले. गाव धूळ खात राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर आलो तर घाटावर माणसं जमलेली.

आमच्या भागात वीटभट्टीवाल्यांवर एक जुना संशय आहे. पाऊस आला की कच्च्या विटांचा चिखल होतो, म्हणून ते काहीतरी करून पाऊस बांधून ठेवतात असं म्हणतात. माझी भट्टी चुन्याची होती, विटांची नव्हती. पण एवढा बारीक फरक दुष्काळात कोण करतो?

भिवा मेंढ्या राखायचा. दुष्काळाच्या या तिसऱ्या वर्षी त्याचा निम्मा कळप उरला होता. तो पुढं झाला.

"सायेब, ही दोरी कावून बांधलीय?"

"भिंत सरळ यावी म्हणून."

"मग गाठी कावून?"

"दगडांच्या मापाच्या आहेत."

"आन् चिंधी?"

"कुणी अडकून पडू नये म्हणून."

भिवा मागं वळून लोकांना म्हणाला, "सगळ्याचं उत्तर तय्यार हाय बे ह्येच्याकडं." आणि उत्तर तयार असणं हाच माझ्याविरुद्धचा मोठा पुरावा ठरला.

संस्थेचे चेअरमन आबाही आले होते. आबा भला माणूस. पांढरं धोतर, मोठा आवाज, आणि कुणालाच नाही न म्हणण्याची राजकारणातली सवय. त्यांनी मला बाजूला घेतलं, पण आवाज मोठा असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"सायेब, मला ठावं हाय, दोरीनं पाऊस बांधत न्हाई. पर लोकांचं समाधान म्हणून सोडा न एक डाव."

"आबा, दोरी सोडताना खुंट्या हलल्या की तीच रेघ पुन्हा सापडत नाही. अर्धी भिंत बसलीय. वरचे थर वाकडे गेले तर पुन्हा पोट सुटेल."

आबांनी क्षणभर विचार केला आणि त्यांना तोडगा सुचला. "मग चुना कावून? संस्थेच्या गोदामात सिमिटाच्या गोण्या पडून हायत. सगळ्या तुमच्या. आठ दिसांत भिंत उभी करा, दोरी मोकळी, पाऊस मोकळा. गावकी बी खूश, सरकार बी खूश."

सगळं गाव माझ्याकडे बघू लागलं. सिमेंट तिथल्या तिथं घट्ट होतं, हे खरं. पण जुनी भिंत पाणी पिते आणि बाहेर सोडते. तळं चढलं-उतरलं की ती किंचित हलते. चुना तिच्याबरोबर हलतो. सिमेंट हलत नाही आणि पाणीही सोडत नाही. आत कोंडलेलं पाणी मग दगडालाच फोडतं. हे मी सांगू लागलो. पाचवं वाक्य होईपर्यंत निम्मे लोक आकाशाकडे बघत होते. आबांनी वर फोन लावला असता तर दुष्काळी भागातल्या एका गावासाठी खात्यानं चुन्याचा हट्ट धरला नसता. भिंत मरायची ती त्या सकाळी मेली असती.

तेवढ्यात गाभाऱ्याच्या पायऱ्या चढून सोनाबाई वर आल्या. देवळाच्या गुरवीण. नवरा लवकर गेलेला. सासऱ्यानंतर पूजा त्याच करायच्या. सगळं गाव त्यांना काकू म्हणायचं. हातात झाडू तसाच.

"आबा, माझ्या सासऱ्याच्या टायमाला नंदीच्या चौथऱ्याला सिमिट लावलंतं, याद हाय का? तवापासून चौथरा घाम सोडायलाय आन् नंदीच्या पायाचे पापुद्रे निघायलेत. रोज सकाळी ते पापुद्रे मी झाडून टाकते. झाडू माझ्या हातात हाय, तुमच्या न्हाई."

आबांना कुणी असं बोललेलं मी पूर्वी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

मग काकू माझ्याकडे वळल्या. "सायेब, तुमची दोरी ऱ्हाऊ द्या. काम चुन्यातच करा. पर काम झालं की दोरी मी सोडणार, माझ्या हातानं. आन् महादेव कोंडायचा." पुढं लोकांना म्हणाल्या, "तुमाला पाऊस लवकर पायजे ना? मग हितं हुबं ऱ्हाऊन काय होतंय? हात लावा. जेवढं लवकर काम, तेवढी लवकर दोरी सुटंल."

महादेव कोंडायचा म्हणजे काय ते परगावच्या वाचकांसाठी सांगतो. पाऊस येईना की गाभाऱ्यातली पाणी बाहेर जायची मोरी चिंध्या-मातीनं बुजवायची आणि पिंड बुडेपर्यंत गाभारा पाण्यानं भरायचा. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाठवतो, अशी समजूत. संवर्धनाच्या कुठल्याही पुस्तकात, फुगलेल्या भिंतीमागं पाणी साठवावं असं लिहिलेलं नाही. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मला ओल हवी होती. टँकरचं पाणी पिण्याचं. त्यातलं भिंतीसाठी मागायची माझी छाती नव्हती. भांडी विसळलेलं पाणी मागून आणून मी भिंतीवर पांघरलेल्या पोत्यांवर शिंपडत होतो. आणि इथं भिंतीला आतून पाणी मिळत होतं, तेही गाव होऊन देत होतं. मी एकच अट घातली: भिंतीचं पोट भरून, आतला चुना जरा धरल्यावर पाणी, आणि पिंड बुडेल एवढंच, वर नाही. काकू म्हणाल्या, "तेवढ्यानं बी देव गुदमरतो."

त्यानंतरचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. भिवा घाणीचं चाक ओढायला सगळ्यांच्या आधी यायचा. बायका विटांचा चुरा चाळायच्या. आबांनी छावणीतला एक धडधाकट बैल पाठवून दिला. गुळाचा, बेलाचा आणि ताज्या चुन्याचा तो वास अजून कधी स्वप्नात येतो. लोकांची घाई मात्र अनावर. "लावा की पटापट," असा घोष दिवसभर. खाजामियाँ थापी खाली ठेवून शांतपणे म्हणायचे, "चुना कायकी घाई नै करता, बाबा. उसकू कौनसा चुनाव लढना है?" हे ऐकून आबाही हसायचे.

गाभारा भरायच्या दिवशी आबांनी अख्खा टँकर देवळापाशी आणून उभा केला. काकूंनी तो परत पाठवला. "टँकरनं महादेव कोंडत न्हाई. ज्यानं त्यानं घरचं आणावं." मग आबा घरी गेले आणि सगळ्यांसारखा एक तांब्या घेऊन रांगेत उभे राहिले. घरटी एकेक तांब्या. पितळेचे, स्टीलचे, एकाकडे तर डालड्याचा डबा. पिण्याच्या पाण्यातून बाजूला काढलेलं ते पाणी एकेक तांब्यानं चढत गेलं आणि पिंड बुडाली.

पुढं दर थोड्या दिवसांनी लोक तांब्या-तांब्यानं भर घालत राहिले. बाहेरून भिंत बघितली तर दगडांच्या सांध्यांतून ओलसर रेघा दिसायच्या. हात लावला की गार. चुना सावकाश, आतून पीत होता. वरचे थर चढले आणि शेवटचा दगड बसला. काकू फळीवर चढल्या, त्यांनी एकेक गाठ सोडवली, दोरी हाताला गुंडाळली आणि खाली उतरल्या. सगळं गाव आकाशाकडे बघू लागलं. आकाशात काहीही नव्हतं. भिवानं मला विचारलं, "सायेब, आता?" मी पोती भिजवायला गेलो.

पाऊस गावात पडलाच नाही. पोळाही कोरडा गेला. आणि त्यानंतर एका लख्ख उन्हाच्या सकाळी वरच्या ओढ्यानं लोंढा आणला. बालाघाटाच्या डोंगरावर कुठंतरी धो धो पडला होता. गावात थेंब नाही आणि तळ्यात पाणी शिरतंय, हे बघायला लोक नुसते धावत सुटले. सगळ्यांचे डोळे पाण्याकडे होते. माझे भिंतीकडे. पाणी पायाला लागलं, पहिल्या थरावर आलं, दुसऱ्यावर. मी घाटावर बसून होतो. चुना विरघळला तर पाणी दुधाळ होतं. ते मातकट होतं, गढूळ होतं, पण दुधाळ झालं नाही. मूठभरही चुना गेला नाही.

काकू शेजारी येऊन बसल्या. "सुटली व्हय गाठ."

"काकू, हे पाणी डोंगराचं आहे. इथं कुठं पाऊस झालाय?"

"मग डोंगर काय दोरीच्या भाईर हाय?" असं म्हणून त्या मोरी मोकळी करायला खाली गेल्या.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत जिल्ह्यात कुठंही पाऊस लांबला की त्या गावचा एखादा माणूस हसत विचारायचा, "सायेब, दोरी कुठं लावलीय का?" मी दर वेळी समजावून सांगायचो की दोरीनं पाऊस बांधता येत नाही. सरकारी पगार घेणाऱ्याचं तेवढं कर्तव्यच होतं.

मधल्या काळात खाजामियाँ गेले, काकूही गेल्या. भट्टीची जागा बुजली. चुना मळणारं माणूस शोधायला आता हैदराबादकडं जावं लागतं. मी केलेली किती कामं आज सिमेंटच्या गिलाव्याखाली आणि चकचकीत फरशीखाली गेलीत, ते मोजायला मी जात नाही. वाईट वाटतं, दुसरं काय.

अलीकडे पुन्हा एकदा तळं आटलं, तेव्हा काकूंच्या सुनेचा, कावेरीचा फोन आला. "सायेब, सुशोभीकरणाचा निधी आलाय. घाटाला फरशी आन् मागच्या भिंतीला सिमिट मारायलेत. या तुमी." माझ्या हातात आता ना शिक्का ना सही. तरी गेलो. कंत्राटदारानं मला चहा दिला, मोबाईलवर भिंतीचं रंगीत चित्र दाखवलं आणि "काका, तुमच्या काळात हे मटेरियल नव्हतं" असं गोड बोलून सांगितलं. आबा काठी टेकत आलेले. मी माझी जुनी पाच वाक्यं म्हणून दाखवली. लोक या वेळीही आकाशाकडे बघत होते.

मग कावेरी गाभाऱ्यातून वर आली. तिच्या हातात सुताचा एक पिवळट गुंडा होता. मी तो लगेच ओळखला.

"ही सायेबाची दोरी," ती कंत्राटदाराला म्हणाली. "ही भिंत हिच्यात बांधलीय. भिंतीला हात लावायचा आसंल तर आधी ही परत ताणावी लागंल, आन् काम चालू हाय तवर ती सोडता येत न्हाई." मग ती लोकांकडे वळली. "हाय का तयारी?"

कुणी हललं नाही. भिवा आता थकलाय, पण पहिला तोच उठला आणि कंत्राटदाराची घमेली उचलून बाजूला ठेवू लागला. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "सायेब, तुमी शिकलेले हाव. खरं हाय का हे?"

सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी म्हणालो, "दोरी लावल्याशिवाय भिंतीचं काम करता येत नाही, हे खरं आहे."

यात एक अक्षरही खोटं नाही. कंत्राटदारानं भिंत सोडली आणि फरशी बसस्टँडकडं वळवली.

गर्दी पांगल्यावर मी कावेरीला विचारलं, "तुझा खरंच विश्वास आहे यावर?"

ती हसली. "माझा कशाला, आत्याबाईंचा बी नव्हता. त्या म्हणायच्या, सायेबाला भिंत पुरी करायची हुती, पर हाताखाली माणसं न्हवती आन् पाणी न्हवतं. नुसतं सांगून गाव हललं नसतं. म्हणून दोरीचं नाव केलं."

मी घाटाच्या पायरीवर बसलो. इतकी वर्षं मला वाटत होतं की काकूंची समजूत मी राखली. कावेरीनं गुंडा माझ्या हातात दिला. गाठी सुटलेल्या होत्या, पण त्यांच्या जागा सुतात अजून कळत होत्या. परत दिला तेव्हा बोटांना चुना लागला होता. तो मी बराच वेळ धुतला नाही.